नॅव्हिगेशनची उड्डाण-चाचणी: सुई मधोमध दिसली की सही ठोकू नका

"सुई मधोमध, फ्लॅग नाही, ग्लाइड स्लोप ओके." नवा पोरगा हे लिहून आणतो आणि मी कागद परत करतो. ग्लाइड स्लोप म्हणजे धावपट्टीकडे उतरायची रेडिओनं आखलेली तिरकी वाट. आपण तिच्या वर की खाली, ते सुई सांगते; सिग्नल बिघडला की फ्लॅग दिसतो. रिसीव्हर ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर तोलतो. दोन्ही सारखे असले की सुई मध्यावर. जमिनीवरच्या ट्रान्समीटरमधून नुसता कॅरिअर (मूळ रेडिओ लहर) समान सुरांसह येत राहिला, तर विमान कुठेही असो, सुई मध्यावरच! जुलै २००० मध्ये सामोआच्या फालेओलोला हेच झालं. एअर न्यूझीलंडचं ७६७ धावपट्टीच्या साडेपाच मैल अलीकडे ४०० फुटांखाली आलं होतं. दिवे भलतीकडे दिसले म्हणून वैमानिकांनी वर खेचलं.

म्हणून मी सुई मुद्दाम बिघडवायला लावतो. स्लोपच्या वर जा, खाली जा, सुई हलली पाहिजे. आणि डीएमईच्या (स्टेशनपर्यंतचं अंतर मैलांत दाखवणारं उपकरण) मैलाशी उंची ताडा: तीन अंशांवर मैलाला साधारण ३०० फूट. हे तोंडपाठ नसेल तर विमानात चढू नका.

दुसरी चूक माझीच. एका टर्बोप्रॉपवर डीएमई दर अप्रोचला सहा मैलांच्या आसपास सुटायचा. दोनदा बॉक्स बदलला, कनेक्टर घासले, स्टेशनवाल्यांनाही बोल लावले. तिसऱ्या फेरीत मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या टेक्निशियननं विचारलं, "साहेब, चाकं कधी खाली येतात?" बरोबर तिथेच. गिअरचा दरवाजा पोटाखालच्या अँटेनासमोर येऊन उभा राहत होता. तीन उड्डाणांच्या नोंदींत 'गिअर डाउन' एकदाही नव्हतं! आता माझ्या तक्त्यात गिअर, फ्लॅप, बँक (विमानाचा कल) आणि हेडिंगचे (नाकाची दिशा) रकाने आधी, रीडिंग शेवटी. पोरांना कंटाळा येतो, येऊ दे.

किरकोळ:

स्टेशनच्या डोक्यावर ६००० फुटांवर डीएमई एक मैल दाखवतो. ते तिरकं अंतर आहे, स्नॅग (बिघाड) म्हणून लिहू नका.

१००० फुटांवरून ६० मैलांवरचा व्हीओआर (दिशा सांगणारं रेडिओ स्टेशन) लागला नाही तर रिसीव्हरला शिव्या नकोत. सिग्नल सरळ रेषेत येतो. आधी वर चढा.

आयडेंट (स्टेशनची मोर्समधली ओळख) पूर्ण ऐका. दुरुस्ती चालू असताना तो बंद असतो, किंवा मोर्समध्ये 'टी-ई-एस-टी' येतं.

आणि रेडिओ इंटरफिअरन्स बघताना एकदाच पीटीटी (रेडिओवर बोलायचं बटण) दाबून "काही हलत नाही" म्हणणारे मला चालत नाहीत. प्रत्येक सेट, वरची, मधली, खालची फ्रिक्वेन्सी, बटण दाबून नजर सुईवर. तासभर जातो. मी घड्याळ बॅगेत ठेवतो.