हिरड्यांतून रक्त येतंय? मग ब्रश तिथेच फिरवा

सकाळी चूळ टाकली आणि बेसिनमध्ये गुलाबी रेघ दिसली, की बहुतेक जण त्या जागेला ब्रश लावायचंच सोडून देतात. "हिरडी दुखावली असेल, राहू दे चार दिवस." आणि नेमकं इथेच बिघडतं.

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो. त्याला आधी स्ट्रेप्टोकॉकस वगैरे जिवाणू चिकटतात. हिरडीच्या दृष्टीने ही मंडळी बरीचशी निरुपद्रवी. थर तसाच राहिला तर फ्युजोबॅक्टेरियम हा लांबुळका जिवाणू येतो आणि मागून येणाऱ्यांना चिकटायला जागा करून देतो. त्यातला पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा खरा उपद्रवी. त्याला प्राणवायू मानवत नाही, म्हणून तो हिरडीखालच्या फटीत दडतो. त्याला लोह हवं असतं, ते रक्तातून मिळतं. म्हणजे हिरडी सुजून रक्त यायला लागलं की त्याची पंगत बसली!

थर रोज मोडला तर ही गर्दी जमतच नाही. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात ताळ्यावर आल्या. हा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला.

पायरी १ : आरसा आणि जीभ. उजेडात ओठ खाली ओढून हिरडीची कड पाहा. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात, तेव्हा रंगापेक्षा कड फुगलीय का ते बघा. मग खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवा. खरखरीत लागलं तर ते कीटण. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, लाळेतल्या क्षारांनी थराचा दगड होतो. सिगारेट ओढणाऱ्यांनी 'रक्त येत नाही' यावर विसंबू नये. त्यांच्या हिरड्यांतून आजार असूनही रक्त कमी येतं.

पायरी २ : ब्रश. मऊ केसांचाच घ्या. केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर, हिरडीकडे ४५ अंशांत तिरपे टेकवा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा. भांडी घासल्यासारखं आडवंतिडवं नको, त्याने हिरडी खाली सरकते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरा. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि रात्रीचं चुकवू नका.

पायरी ३ : फटी. ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये पोचत नाहीत. फट अरुंद असेल तर फ्लॉस, म्हणजे फटीतून ओढायचा बारीक धागा, रुंद असेल तर फटीत घालायचा बारीक ब्रश. पहिल्यांदा कराल तेव्हा बाहेर आलेला धागा हुंगून पाहा, मुक्काम किती दिवसांचा होता ते कळेल. पहिले काही दिवस रक्त येईल. येऊ दे. टाचणी किंवा काडीने मात्र कोरू नका.

माऊथवॉशवर फार भिस्त नको, जमलेल्या थरात तो नीट शिरत नाही. क्लोरहेक्सिडिनचा जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. मिश्रीचं विचारूच नका, ती भाजलेली तंबाखूच.

पायरी ४ : दोन आठवड्यांनीही रक्त येत असेल तर दंतवैद्य. पू दिसला किंवा दात हलू लागला तर तेवढंही थांबू नका. कीटण ब्रशने निघत नाही, ते स्केलिंगनेच, म्हणजे दंतवैद्याकडून खरवडूनच काढावं लागतं. "साफ केले की दात हलायला लागतात" हे घरोघरी ऐकू येतं. खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात. ते निघालं की हालणं कळतं, इतकंच. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून उशीर महागात पडतो. हिरडीखालची फट किती खोल आहे ते मोजायला सांगा: ३ मिलिमीटरपर्यंत साधारण ठीक, ४ किंवा जास्त असेल तर पुढे काय करायचं ते विचारा.

खुर्चीत बसायच्या आधी दोन गोष्टी सांगा. मधुमेह आहे का, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही. ती स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका.