आर-वन व्हिसा: महाराज, पुजारी, भंतेजींनी गावाकडून कोणते कागद जमवायचे

अमेरिकेतल्या मंदिरात किंवा विहारात राहून सेवा करायची असेल तर आर-वन व्हिसा लागतो. तालुक्याचा एजंट तो काढून देतो म्हणाला तर पैसे मोजू नका. मूळ अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१२९, तिकडची संस्थाच भरते आणि ती तिथे करमुक्त धार्मिक संस्था म्हणून मान्य असावी लागते. इकडून द्यायचे ते कागद. प्रकरण अडतं तेही बहुधा त्यांच्यावरच.

महिना-दोन महिने ठिकठिकाणी कीर्तनं करून परतायचं असेल, एकाच मंदिराशी बांधिलकी नसेल आणि खर्च भाविकांच्या दक्षिणेवर भागणार असेल, तर बी-वन व्हिसा चालतो. पगार घ्यायचा असेल तर मात्र आर-वनच.

त्याची मुख्य अट अशी: अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं तुम्ही त्याच संप्रदायाचे सदस्य असायला हवं. ‘हे आमचे जुने भक्त आहेत’ एवढ्या ओळीला तिथे किंमत नाही. देवस्थान किंवा विहार ट्रस्टचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यावर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, तारीख, विश्वस्ताची सही आणि शिक्का हवा. मजकुरात कोणत्या महिन्यापासून, कोणती सेवा, दीक्षा कोणी व कधी दिली, हे लिहून घ्या. इकडच्या पत्रात ‘वारकरी’ आणि तिकडच्या अर्जात नुसतं ‘हिंदू मंदिर’ असेल तर दोन्हींचा संबंध तिकडच्या संस्थेने अर्जात समजावून सांगायला हवा. नाहीतर आणखी पुरावे मागणारं पत्र ठरलेलं.

सप्ताहाच्या पत्रिका जपून ठेवा, तुमचं नाव छापलेल्या त्या मोठ्या कामाच्या असतात. पण काहींवर नुसती तिथी असते, सालच नसतं. अशा पत्रिकेसोबत आयोजकांचं तारखेचं पत्र जोडा. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि खाली ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र. नोटरीची गरज नाही.

नावाचा घोळ आधी मिटवा. टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं, पत्रात ‘ह.भ.प. अमुक महाराज’, भंतेजींचं तर दीक्षेचं नाव निराळंच. पासपोर्टवर जे नाव असेल तेच सगळीकडे हवं, उपाधी त्याच्यापुढे लिहिली तरी चालते. नवं नावच पासपोर्टवर हवं असेल तर आधी राजपत्रात नाव बदलून घ्या. दहावी झालेली नसल्याने पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा) शेरा आला तरी घाबरू नका; ती परवानगी ठराविक १८ देशांसाठीच लागते, अमेरिका त्यात नाही.

काम आठवड्याला सरासरी किमान २० तासांचं आणि मुळात धार्मिक असावं. प्रसादाचा स्वयंपाक, झाडलोट, हिशेब, वर्गणी यांवरच नेमणूक असेल तर अर्ज टिकत नाही. पगार, राहणं, जेवण कोण देणार याचा पुरावा संस्थेने द्यायचा. अधिकारी तिकडच्या मंदिरात प्रत्यक्ष पाहणीला येऊ शकतात, तेव्हा अर्जातलं वेळापत्रक खरं असू द्या.

संस्थेच्या अर्जाच्या मंजुरीचं पत्र आलं की डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज तुम्ही भरायचा, २०५ डॉलर फी (भरताना दर पुन्हा पाहा), मग मुंबईला बोटांचे ठसे आणि मुलाखत. पहाटेची काकडआरती कोण करतं, पगार किती, मंदिर कोणत्या गावात, असलं साधंच विचारतात. पाठ केलेलं भाषण देऊ नका. मराठीतून बोलायचं असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच तसं नोंदवा.

सुरुवातीला जास्तीत जास्त ३० महिने मिळतात, मुदतवाढीसह एकूण पाच वर्षं. बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आर-टू या कुटुंबीयांच्या व्हिसावर येतात, पण त्यांना तिथे नोकरी करता येत नाही. तुम्हालाही दुसऱ्या मंदिरात मानधन घेऊन कीर्तन करायचं असेल तर त्या मंदिराचा स्वतंत्र अर्ज आधी मंजूर व्हायला हवा.