जत्रेच्या नाटकाची नक्कल पाठ करताना

गोव्यात जत्रेच्या नाटकात काम करणारे बहुतेक नट दिवसा नोकरी-धंदा करून रात्री तालमीला येतात, त्यामुळे नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेचे वहीत उतरवलेले संवाद, पाठ करायला त्यांच्या हाती जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो. हा वेळ वही पुन्हापुन्हा वाचण्यात घालवू नये. वाचून शब्द ओळखीचे होतात आणि ते आपल्याला येतात असा भास होतो. पण ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे.

संवाद अर्थ लावून दोनदा वाचावा, वही मिटावी आणि मोठ्याने म्हणावा. अडल्यावर लगेच वहीत डोकावू नये, कारण आठवण्याच्या त्या धडपडीनेच स्मृती पक्की होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, तर आठवड्यानंतर न पाहता आठवून पाहणारे. नाटक पाच मिनिटांनी नसते. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी, पुढच्या उजळण्यांमधले अंतर वाढवत न्यावे आणि त्यासाठी झोप मात्र मोडू नये, कारण दिवसाचे पाठांतर झोपेतच मुरते.

लांबलचक स्वगत सलग पाठ करू नये. भाव जिथे पालटतो तिथे पेन्सिलीने रेघ मारून त्याचे तुकडे पाडावेत. आरंभ आणि शेवट सहसा लक्षात राहतात, मधले निसटते, तेव्हा तालीम अधूनमधून मधल्या तुकड्यापासूनच सुरू करावी.

माझी एकदा फजिती झाली ती वेगळ्याच कारणाने. सोप्यावर बसून घडाघडा म्हटलेले स्वगत मंडपात, डोक्यावर मुकुट चढल्यावर, तिसऱ्या वाक्याला अडले. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली, काही काठावर पाठ करायला दिले. जिथे पाठ केले तिथेच ते अधिक आठवले. तेव्हापासून मी उभ्याने, हालचालींसह पाठ करतो आणि समोरच्या नटाच्या संवादाचे शेवटचे शब्दही माझ्या नक्कलेत लिहून घेतो, कारण माझे वाक्य त्यांनाच बांधलेले असते.

प्रॉम्प्टरच्या संहितेत प्रत्येक रेघेनंतरचा पहिला शब्द अधोरेखित करून ठेवावा. नट अडला की तेवढाच शब्द पुरवायचा, हे प्रॉम्प्टरला आधीच सांगावे. पूर्ण वाक्य पुरवले तर ते पहिल्या रांगेलाही ऐकू जाते.