मोझांबिकच्या छोट्या शेतकऱ्याशी तुरीचा करार करताना

वाशीच्या दाणाबंदरात येणारी मोझांबिकची तूर बहुतांशी छोट्या शेतकऱ्यांनी पिकवलेली असते. तिथे थेट करार करायचा असेल तर आधी जमीन तपासा. 1997 च्या कायद्यानुसार जमीन सरकारची, पण परंपरेने कसणाऱ्याचा वहिवाटीचा हक्क कागद नसला तरी मानला जातो. ‘मोकळी’ म्हणून दाखवलेली जमीन बरेचदा कुणीतरी पड ठेवलेलं रान असतं. गावाची बैठक घ्या, बायकाही हव्यातच.

मक्यातलं तुरीचं आंतरपीक मोडू नका. मका घरी खायला, तूर विकायला. ऑगस्ट 2017 मध्ये भारताने तूर आयातीवर मर्यादा घातली आणि तिथले भाव कोसळले. तिथे तूर फारशी खात नाहीत, मग विकायची कुणाला? सगळं रान तुरीखाली गेलं असेल तर अशा वेळी घरात दाणा उरत नाही. म्हणून करारात किमान भाव लिहाच, आयात थांबल्यास तोटा कोण सोसणार तेही. बियाणं उधार दिलंत तर वजावट किती, हे पेरणीआधी वाचून दाखवा. नाम्पुला भागात माखुवा भाषेत, नुसता पोर्तुगीज कागद पुरत नाही.

खरेदीला ओलावा बघा. कोरड्या बाटलीत मूठभर तूर, चिमूटभर कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर. माल पुन्हा वाळवा. नाही चिकटलं तरी मीटर लावा, साठवणीला 12 टक्क्यांच्या आत हवा. ओला माल न्हावाशेव्याला पोचेपर्यंत कंटेनरमध्ये बुरशी धरतो. काटा शेतकऱ्यासमोर शून्यावर आणा.