नावडत्या पदार्थाचा माग कसा काढावा

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तिथून खानापूरच्या रानापर्यंत पाऊस असा कोसळतो की शेतात भात आणि ताटातही भातच असतो. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला अथणीकडचा पट्टा कोरडा आहे आणि तिथे जेवण म्हणजे जोंधळ्याची भाकरी. मी खानापूरकडे वाढले आणि लग्न होऊन अथणीकडे आले. पहिले काही आठवडे भाकरीचा घास माझ्या घशाखाली उतरत नव्हता. घरातल्या काहींना तो नखरा वाटला आणि मलाही माझीच लाज वाटू लागली. तेव्हा सासूबाईंनी, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते, एका दुपारी मला शांतपणे विचारले, “तुला चव नको वाटते, की गिळायला जड जातंय?”

त्यावर मी पहिल्यांदा नीट विचार केला. चवीबद्दल माझी तक्रार नव्हती. भात फारसा न चावताही सरकतो, भाकरी मात्र चावून चावून मऊ करावी लागते आणि माझ्या जिभेला त्या कामाची सवयच नव्हती. आत्यांनी दुसऱ्या दिवसापासून माझी भाकरी गरम आमटीत कुस्करून द्यायला सुरुवात केली. मग हळूहळू आमटी कमी केली आणि दीड-दोन महिन्यांनी मी शेंगदाण्याच्या चटणीवर दही घेऊन कोरडी भाकरी खाऊ लागले. पुढे लिहिलेले सगळे त्या एका प्रश्नातून सुचलेले आहे.

आधी नेमके काय नको आहे ते ठरवावे

“मला ते आवडत नाही” हे वाक्य फार ढोबळ आहे. एखादा पदार्थ नकोसा वाटतो तेव्हा त्याचा वास नको असतो, की चव, की तोंडातला स्पर्श, की नुसते त्याचे दिसणे, हे वेगळे करून पाहावे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. भेंडी नको म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना तिची चव चालते, बुळबुळीतपणा चालत नाही. त्यांच्यासाठी भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसावी, मगच चिरावी, झाकण न ठेवता परतावी आणि वरून चिंचेचा कोळ किंवा आमसूल घालावे. अळू नको म्हणणाऱ्याला लहानपणी घशाला सुटलेली खाज आठवत असते. ती पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, म्हणून आपल्याकडच्या बायका अळू भरपूर शिजवतात आणि त्यात चिंच किंवा कोकमाची सोले घातल्याशिवाय ते चुलीवरून उतरवत नाहीत. सुकी मासळी नको असेल, तर बहुतेक वेळा ती भाजतानाचा वास नको असतो. अशा माणसाने भाजताना स्वयंपाकघरात थांबू नये, इतके केले तरी पुष्कळ फरक पडतो.

एका पदार्थाबद्दल एवढा विचार करायला पाच मिनिटे लागतात. मी तर कागदावर लिहून काढायला सांगेन, कारण लिहिताना माणूस “शी” म्हणून थांबत नाही.

मग पहिली आठवण शोधावी

दुसरे काम जास्त नाजूक आहे. तो पदार्थ पहिल्यांदा कुठे, कोणाबरोबर आणि कोणत्या अवस्थेत खाल्ला, हे आठवावे आणि स्वतःला आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. माहेरी गेल्यावर चहाच्या वेळी आईला किंवा आजीला सहज विचारले, तर त्या भराभर सांगतात, कारण कोण काय खात नव्हते हे त्यांना जन्मभर लक्षात राहते.

मी तीस वर्षे शेपू खाल्ली नव्हती. नुसत्या वासानेही मळमळत असे आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती: आठ वर्षांची असताना दुपारी शेपूची भाजी खाल्ली आणि त्याच रात्री उलट्या होऊन ताप चढला. चाळिशीच्या उंबरठ्यावर आईला हे बोलून दाखवले, तर ती म्हणाली, “अगं, त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीत ताप होता. दादानं तर शेपूला हातसुद्धा लावला नव्हता, तोही तुझ्या शेजारीच पडून होता की.”

शेपू निर्दोष होती. पण शरीर असा न्याय करत नाही. अमेरिकेतले जॉन गार्सिया आणि त्यांचे सहकारी यांनी 1955 मध्ये दाखवले की गोड पाणी पिताना ज्या उंदरांना किरणोत्सर्गाने आजारी पाडले, ते पुढे ते पाणी टाळू लागले. नंतरच्या प्रयोगांतून हेही कळले की खाणे आणि आजारपण यांत काही तासांचे अंतर असले तरी दोष खाण्याच्याच माथी बसतो आणि असा एकच प्रसंग वर्षानुवर्षे पुरतो. रानात राहणाऱ्या जिवाला विषारी फळ पुन्हा तोंडात घालण्यापासून वाचवणारी ही सोय आहे. म्हणून ज्याला एखाद्या पदार्थाची अशी धास्ती बसली आहे, त्याला “काही होत नाही, खा” असे सांगून उपयोग नसतो. मलाही आईचे बोलणे पटले, पण मळमळ त्या दिवशी थांबली नाही. कारण कळल्याने एवढेच झाले की मी शेपूला शत्रू मानायचे सोडले आणि पुन्हा प्रयत्न करायला तयार झाले.

दुसऱ्या जातीची आठवण बळजबरीची असते. “खाऊन माजावं, टाकून माजू नये” ही म्हण सांगत आपल्या पिढीतल्या कित्येकांना ताट संपेपर्यंत पाटावरून उठू दिलेले नाही. म्हण खोटी नाही, अन्नाची नासाडी वाईटच. मात्र थंडगार झालेल्या दुधीच्या भाजीसमोर रडत बसलेल्या मुलाला दुधीची चव लक्षात राहत नाही, बसवून ठेवलेले लक्षात राहते. माझ्या ओळखीत साठी उलटलेले एक गृहस्थ आहेत. ते आजही दुधी पाहिला की खुर्ची मागे सरकवतात.

कोणता नकार मान्य करावा

प्रत्येक नकार दुरुस्त करायचा नसतो. शेंगदाणे, दूध, अंडी किंवा मासे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, धाप लागत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. तिथे पुढचा कोणताही प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल आणि दही चालत असेल, तर दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता असते. निपाणी-चिक्कोडीकडे जैन शेजारी कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत, अनेक घरांत चातुर्मासात वांगेही वर्ज्य असते. हा आवडीनिवडीचा विषयच नव्हे आणि तिथे आग्रह करणे असभ्यपणाचे आहे.

कडू चवीबद्दल तर एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांना माहीत असायला हवी. 1931 मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची पूड उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचे तोंड कडू झाले आणि फॉक्स यांना मात्र काहीच चव लागली नाही. त्यातून हे उघड झाले की काही कडू पदार्थ काहींना जन्मतःच फार कडू लागतात आणि काहींना लागतच नाहीत. एकाच आईची दोन मुले एकाच कारल्याला वेगळी तोंडे करतात ती खरोखर वेगळी चव घेत असतात, त्यामुळे “दादा खातो, तुला काय झालं?” हा प्रश्न अन्यायाचा आहे. आणि दुधी किंवा दोडका कधी नव्हे इतका कडू लागला, तर ती तक्रार शंभर टक्के ऐकावी. या भाज्यांमधला असामान्य कडवटपणा विषारी द्रव्यामुळे असतो. चिरताना एक चकती जिभेला लावून पाहावी आणि कडू निघाली तर ती भाजी टाकून द्यावी.

पुन्हा ओळख कशी करून द्यावी

पदार्थ सुरक्षित आहे आणि नकार सवयीचा किंवा आठवणीचा आहे, हे कळल्यावर खरे काम सुरू होते. मुलांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की नवा पदार्थ स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चव घ्यावी लागते. आपण बहुधा दोन-तीनदा वाढून “याला चालत नाही” असा शिक्का मारतो. म्हणून प्रमाण अगदी कमी ठेवावे, अर्धा चमचा पुरे. आठवड्यातून दोनदा ठेवावे. आणि चाखून नको वाटले तर ताटाच्या कडेला ठेवायची मोकळीक आधीच द्यावी. पोटात थोडी भूक असावी. ताप, सर्दी, प्रवास किंवा परीक्षेच्या दिवशी हा उद्योग करू नये, नाहीतर माझ्या शेपूसारखी नवी अढी बसते.

शेजार कोणाचा द्यायचा, हे त्याहून महत्त्वाचे. “कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच” ही म्हण माणसांच्या स्वभावाबद्दल ठीक आहे; स्वयंपाकात मात्र मीठ कडवटपणा खरोखर दबवते, तेल त्याची धार बोथट करते आणि गूळ-चिंच त्याला सांभाळून घेतात. अथणीकडे आल्यावर मी पाहिले की इथली माणसे कच्ची मेथी पाल्यासकट भाकरीबरोबर खातात, पण ती एकटी कधीच नसते: बारीक चिरलेला कांदा, मीठ, शेंगतेलाची धार आणि कारळ्याची चटणी, जिला इथे गुरेळ्ळू म्हणतात, असा सगळा परिवार बरोबर असतो. पहिल्या घासाला मेथी मागेच राहते आणि पाचव्या-सहाव्या घासापासून ती कळू लागते. माझी शेपूही अशीच परत आली. आधी जोंधळ्याच्या थालीपिठात चिमूटभर, मग मूठभर, मग मुगाच्या डाळीबरोबर लसणाची फोडणी देऊन. नुसती शेपूची भाजी वाढून घ्यायला मला वर्ष लागले.

आपल्या सणांनी हे फार पूर्वी ओळखले असावे असे मला मनापासून वाटते. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने गूळ, चिंच, ओवा घालून वाटतात. कन्नड घरांत तेच बेवू-बेल्ल. एवढीशी गोळी, वर्षातून एकदा, सगळ्यांच्या देखत आणि आधी मोठ्यांनी खायची. भोगीची भाजीही तशीच. “न खाई भोगी तो सदा रोगी” म्हणत वांगे, गाजर, घेवडा, सोलाणे एकत्र शिजतात आणि नावडती फोड आवडत्या फोडींमध्ये बसून तोंडात जाते.

मुलांच्या बाबतीत

चवीचे शिक्षण उष्टावणाच्याही आधी सुरू होते. जुली मेनेला यांच्या 2001 मधल्या अभ्यासात काही स्त्रियांनी गरोदरपणी, काहींनी अंगावर पाजत असताना, तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस 300 मिलीलिटर गाजराचा रस घेतला; त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेले अन्न बिनतक्रार स्वीकारले. म्हणून बाळंतिणीला काही कारण नसताना महिनोन्‌महिने एकाच चवीच्या जेवणावर ठेवू नये, असे माझे मत आहे.

दोन ते सहा या वयात मूल एकाएकी आवडीच्या भाज्याही नाकारू लागते. हा वाढीचा टप्पा आहे, हट्ट नव्हे. या काळात मोठ्यांनी करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तोच पदार्थ मुलासमोर स्वतः चवीने खाणे. संकेश्वरी मिरचीचा ठेचा आपल्याकडे कोणी मुलांना शिकवत नाही, तरी मोठ्यांचे पाहून ती एक दिवस भाकरीचा तुकडा त्यात बुडवतातच. मेक्सिकोतल्या एका गावात पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी 1980 मध्ये हीच गोष्ट नोंदवली: तिथली मुले तिखट खायला शिकली ती बक्षिसाशिवाय आणि बळजबरीशिवाय, घरच्यांबरोबर खाता खाता.

बक्षिसाबद्दल वेगळे सांगावे लागेल, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. “वांगं संपव, मग कुंदा देते,” असे मी मुलीला वर्षभर म्हणत होते. लिॲन बर्च आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले होते की एखादे पेय प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय पूर्वीपेक्षा कमी आवडू लागले. माझ्या मुलीचेही तेच झाले. कुंदा हे मोल आणि वांगे हा दंड, असा हिशेब तिच्या मनात पक्का बसला. मग मी कुंदा द्यायचा तेव्हा सहज देऊ लागले आणि वांगी आणताना तिला बाजारात बरोबर नेऊ लागले. देठ ताजे आहेत का ते ती पाहते, भरायचे कूट तीच ढवळते. सध्या ती रस्सा आणि कूट खाते, वांग्याची फोड बाजूला काढते. आम्ही तिला काही म्हणत नाही.

आणि पंधरा-वीस वेळा, वेगवेगळ्या रूपांत, निवांतपणे चाखूनही एखादा पदार्थ नकोच वाटला, तर तो सोडून द्यावा. त्याच गुणाची दुसरी भाजी मिळते. मला घोसाळे आजही जात नाही. ज्या दिवशी आमच्याकडे घोसाळे शिजते, त्या दिवशी आत्या न विचारता माझ्या ताटात भाकरीशेजारी गुरेळ्ळूची चटणी आणि दही जास्तीचे वाढतात.