दोरी, तीन मणी आणि दोन डोळे

दोन्ही डोळे मिळून एकाच जागी बघतात का, हे घरीच पाहायची ही युक्ती. दीड मीटर पांढरी दोरी घ्या आणि जुन्या तोरणातले तीन मोठे मणी तिच्यात ओवा: नाकाच्या बाजूनं लाल, मग पिवळा, मग हिरवा. गाठी मारू नका, मणी सरकले पाहिजेत. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दाराच्या कडीला नको. आमच्याकडे कुणीतरी दार उघडलं आणि दोरीबरोबर मीही गेले. दुसरं टोक नाकाच्या शेंड्यावर धरा. चष्मा असेल तर लावूनच बसा.

आता मधल्या पिवळ्या मण्याकडे बघा. दोऱ्या दोन दिसतील आणि त्या बरोबर मण्यापाशी फुली करतील. लाल-हिरवे मणीही दुहेरी दिसतील. घाबरू नका, हेच हवंय. एकच दोरी दिसली तर मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकतोय. फुली मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे जास्त आत वळलेत, पलीकडे पडली तर कमी. पाच सेकंद थांबून लालकडे या, मग हिरव्याकडे जा. दोन-तीन मिनिटं पुरे.

तिरळेपणा तपासण्याच्या कामात मला या दोरीइतकं स्वस्त आणि बोलकं साधन दुसरं मिळालेलं नाही. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू. उजवीकडे बघताना मेंदूच्या देठातल्या उजव्या केंद्रातून हुकूम उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूला जातो आणि त्याच वेळी, मज्जातंतूंच्या डावीकडे ओलांडणाऱ्या एका वाटेनं, डाव्या डोळ्याच्या आतल्या स्नायूलाही. या जोडीला पुस्तकात ‘योक’ म्हणतात, म्हणजे आपलं जूच. मण्याकडे बघताना मात्र दोघांनाही नाकाकडे वळायचं असतं, आणि तो हुकूम मध्यमेंदूतून वेगळ्या वाटेनं येतो. पहिली वाट बिघडलेला एक रुग्ण मी पाहिलाय: उजवीकडे बघताना त्याचा डावा डोळा नाकाकडे सरकेना, पण मणी जवळ नेला की सरकायचा!

शेवटी लाल मणी हळूहळू नाकाकडे आणा. एकाचे दोन झाले की थांबा आणि फूटपट्टी लावा. दहा सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत तो एकच राहायला हवा. त्याआधीच फुटत असेल आणि वाचताना डोकं दुखत असेल, तर डोळे तपासून घ्या. एरवी, मणी न बघताही अचानक सगळं दुहेरी दिसू लागलं तर दोरी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.