संवेदनांशी झगडणाऱ्या लहान मुलाचा दिवस कसा आखावा

कुकरची शिट्टी होताच कानांवर हात ठेवून पळणारे, शर्टाच्या मानेमागचे लेबल कापल्याशिवाय तो अंगात घालू न देणारे, वरणभातात कोथिंबिरीचे पान दिसले की ताट दूर ढकलणारे, आणि त्याच वेळी पेन्सिल धरताना, अक्षर ओळखताना किंवा लागोपाठच्या दोन सूचना पाळताना अडखळणारे मूल घरात असेल, तर ‘हट्टी आहे’, ‘लाडावून ठेवले आहे’ हे शेरे नातेवाइकांकडून हमखास ऐकू येतात. साधारण तीन ते आठ वर्षांच्या अशा मुलांच्या पालकांसाठी हे मार्गदर्शन आहे. निदानाचे नाव मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. मुलाच्या दिवसातली नेमकी कोणती वेळ अवघड जाते ते शोधावे आणि ती वेळ आधी सोपी करावी, असे माझे ठाम मत आहे.

नावाबद्दल थोडे सांगणे मात्र आवश्यक आहे. डोळे, कान, त्वचा, तोल सांभाळणारा आतला कान, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणारी माहिती मेंदू कशी जुळवतो, याविषयीचा सिद्धान्त जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) मांडला आणि १९७० च्या दशकात तो प्रसिद्धीस आला. तरीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात संवेदनांच्या अडचणींना स्वतंत्र विकाराचे स्थान नाही. तेथे त्या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) लक्षणांत येतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे या अडचणींचे नाव स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असा सल्ला दिला होता. म्हणून अहवालात केवळ ‘सेन्सरी प्रॉब्लेम’ असे लिहिलेले असेल, तर स्वमग्नता, अतिचंचलता, बौद्धिक विकास आणि भाषा यांची तपासणी झाली आहे का, हे विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. मधल्या कानात पाणी साठलेले मूल हाकेला ओ देत नाही आणि जवळचे अंधुक दिसणारे मूल वही टाळते. यांपैकी कशावरही थेरपी हा उपाय नव्हे. आधी येत असलेले शब्द मूल विसरू लागले असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जावे.

नोंद ठेवण्यापासून सुरुवात करावी. दोन आठवडे एका साध्या वहीत चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, त्याआधी काय घडले, मुलाने काय केले, आणि कशाने ते शांत झाले. ‘आज खूप त्रास दिला’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘सायंकाळी सात, पाहुणे आले, टीव्ही आणि मिक्सर दोन्ही सुरू, पलंगाखाली जाऊन बसला’ ही नोंद कामाची आहे. अशा नोंदींतून बहुतेक वेळा असे दिसते, की संपूर्ण दिवस अवघड नसतो. आंघोळ, शाळेची तयारी, जेवण आणि गर्दी अशा ठराविक वेळांना अडचणी एकवटलेल्या असतात. हीच वही पुढे थेरपिस्टला दाखवावी.

स्पर्श नकोसा वाटणाऱ्या मुलाला बहुधा हलका, अचानक झालेला स्पर्श सर्वाधिक खुपतो, तर घट्ट आणि अपेक्षित स्पर्श चालतो. म्हणून डोक्यावरून हळुवार हात फिरवण्यापेक्षा तळव्याने दाबून तेल लावावे, शॉवरऐवजी बादलीतले पाणी वापरावे आणि प्रत्येक तांब्या ओतण्यापूर्वी ‘आता पाठीवर’ असे सांगावे. दिवाळीचे उटणे खरखरीत लागत असेल, तर ते मुलाच्या स्वतःच्या हाताने फक्त तळहाताला लावू द्यावे; अभ्यंगस्नान तेवढ्यानेही साजरे होते. केस कापायला सलूनमध्ये गर्दी नसलेल्या दिवशी सकाळी लवकर जावे, कंगवा आणि कात्री आधी हाताळू द्यावी, आणि ट्रिमरचा आवाज सहन होत नसेल तर तो वापरू नये असे कारागिराला आधीच सांगावे.

जेवणाच्या बाबतीत जबरदस्तीने घास भरवणे टाळावे, कारण त्यामुळे नावडत्या पदार्थाबरोबर जेवणाची जागा आणि भरवणारी व्यक्तीही नावडती होते. मऊ भात चालतो पण भाजीचे तुकडे चालत नाहीत, अशा मुलाच्या ताटात ओळखीचा पदार्थ नेहमी असू द्यावा आणि नवा पदार्थ शेजारच्या वाटीत अगदी थोडा ठेवावा. तो पाहिला, हुंगला, बोटाने हलवला तरी त्या दिवसापुरते पुरेसे मानावे. वजन वाढत नसेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा आहार अवघ्या काही पदार्थांवर आला असेल, तर मात्र हा प्रश्न वैद्यकीय असतो.

काही मुले याच्या अगदी उलट असतात: सतत उड्या मारतात, भिंतीवर आदळतात, दुसऱ्यांना घट्ट मिठ्या मारतात. या मुलांना ‘शांत बस’ म्हणणे व्यर्थ आहे. त्यांच्या स्नायूंना आणि सांध्यांना जोर लावायला मिळेल असे काम द्यावे. आपल्या घरांत अशी कामे विनासायास मिळतात. कणीक मळणे, अर्धी भरलेली बादली बाल्कनीपर्यंत नेणे, धुतलेल्या चादरीचे टोक धरून पिळणे, बटाट्यांची पिशवी ओट्यापर्यंत आणणे, गादी ढकलणे यांपैकी एखादे काम अभ्यासाला किंवा जेवणाला बसण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे करून घ्यावे. झोपाळ्यावर मागे-पुढे संथ झोके पुष्कळ मुलांना शांत करतात, तर गरगर फिरवल्याने ती अधिक उत्तेजित होतात, म्हणून झोपेच्या आधी गोल फिरण्याचे खेळ नकोत. वजनदार ब्लँकेट मात्र लहान मुलाच्या अंगावर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घालू नये.

गणेशोत्सवातील ढोल-ताशे, लग्नातला बँड आणि फटाके यांसाठी आधीच योजना हवी. मुलाला कानांवर बसणारे आवाजरोधक हेडफोन द्यावेत, मिरवणूक दुरून आणि थोडाच वेळ दाखवावी, आणि लग्नघरी पोहोचताच मुलाला शांत बसता येईल अशी एक खोली पाहून ठेवावी. हे हेडफोन घरी दिवसभर घालू देऊ नयेत, कारण त्यामुळे साधे आवाजही असह्य वाटू लागण्याची शक्यता असते. एवढे करूनही मूल अनावर होऊन आकांत करू लागलेच, तर त्या क्षणी प्रश्न, उपदेश आणि धमक्या तिन्ही थांबवावेत, दिवे व माणसे कमी करावीत आणि जवळ बसून राहावे. हवे ते मिळाल्यावर थांबणारा हट्ट आणि हवे ते मिळूनही न थांबणारा हा आकांत यांतला फरक पाहुण्यांना पटवून देत बसण्याची ती वेळ नव्हे.

शिकण्याच्या बाबतीत घाई सर्वाधिक नुकसान करते. बोटांत बळ येण्याआधी वहीच्या दोन रेषांत अक्षर काढायला लावू नये. ओल्या ब्रशने अंगणातल्या फरशीवर मोठे अक्षर काढावे, ताटातल्या रव्यात बोटाने गिरवावे, आणि रव्याचा स्पर्शच नको असेल तर पाटी चालते. देवनागरीत घ-ध, भ-म आणि ब-व या जोड्या दिसायला जवळच्या आहेत. त्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत, एक अक्षर पक्के झाल्यावर बऱ्याच काळाने दुसरे आणावे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण नंतर उच्चारली जाते, त्यामुळे ‘कि’ वाचताना गोंधळ होणे स्वाभाविक आहे; काना आणि मात्रा पक्के झाल्यावरच ती घ्यावी. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि मूल ५२ लिहिते, हेही याच प्रकारचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी पर्यायी रीत आल्यावर मोठा वाद झाला होता. भाषेविषयीचे आक्षेप बाजूला ठेवून सांगायचे, तर अशा मुलाला घरी संख्या शिकवताना ती रीत खरोखर उपयोगी पडते. तसेच, मुलाला बोलायला उशीर होतो म्हणून घरातली मराठी सोडून केवळ इंग्रजीत बोलण्याचा सल्ला मानू नये. ज्या भाषेत आई, आजी आणि आजोबा सहज बोलतात, त्याच भाषेत मुलाला सर्वाधिक बोलणे ऐकायला मिळते.

ऑक्युपेशनल थेरपी सुरू करताना उद्दिष्ट रोजच्या जगण्यातले ठरवून घ्यावे, जसे की शर्टाची बटणे स्वतः लावणे किंवा वर्गात वीस मिनिटे बसणे. सुमारे तीन महिन्यांनी त्यात काय बदल झाला, हे निःसंकोच विचारावे. झोपाळे आणि चेंडूंनी भरलेली खोली म्हणजे प्रगती नव्हे. खासगी शुल्क परवडत नसेल, तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात आणि गरजेप्रमाणे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, त्याची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे करावी.

शाळेशी बोलताना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ माहीत असणे फायद्याचे ठरते. या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे, आणि कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळांनी मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करायचे आहेत. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांनंतरच मिळते, त्यामुळे पहिली-दुसरीत ‘आधी प्रमाणपत्र आणा’ असे सांगून मदत लांबवणे योग्य नाही. पुढची बाकडी, फळ्यावरचे कमी लेखन, मधल्या सुट्टीआधी एक फेरफटका आणि तोंडी उत्तराची मुभा यांसाठी प्रमाणपत्र लागत नाही. या मागण्या लेखी अर्जात द्याव्यात आणि पोच घ्यावी. आठव्या वर्षानंतर सरकारी रुग्णालयातून रीतसर तपासणी करून घ्यावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पुढे दहावीला वाढीव वेळ किंवा लेखनिक मिळवताना जुने अहवाल उपयोगी पडतात, म्हणून ते सर्व तारखेनुसार एका फायलीत लावून ठेवावेत आणि शाळेत केवळ झेरॉक्स द्यावी.